गोड बाटली

आमच्या गल्लीत चष्म्याचं दुकान एकच, आणि ते माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाला लागून आहे. मधे नुसती फळ्यांची भिंत. तिकडे कुणी शिंकलं की इकडे मीच नाक पुसते. दुकान नवरा-बायकोचं. काका पुढे बसतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, समोर आरसा धरायचा, आणि चेहऱ्याला शोभत नसेल तर तोंडावर सांगायचं, हे त्यांचं काम. काकू मागच्या खोलीत काचा घासतात. तिथे एक फिरतं चाक आहे, त्यावर पाण्याची बारीक धार पडत असते. काच त्याला टेकली की दातांच्या दवाखान्यातल्यासारखा आवाज येतो. पहिल्या महिन्यात माझं डोकं दुखायचं. आता तो आवाज नसला की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

काकूंची दुसरी ओळख पाण्यातली. लांब पल्ल्याचं पोहणं. लहानपणी भाऊ त्यांना पाणकोंबडी म्हणायचा, लग्नानंतर ते नाव काकांनी उचललं. गावाबाहेरचं मोठं तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून जायचं, असा त्यांचा दरवर्षीचा नेम. उजाडताना पाण्यात शिरायचं आणि उन्हं डोक्यावर आली की पलीकडे निघायचं. शेजारून काका होडी वल्हवत असतात. होडीला हात लावायचा नाही, हा नियम. लावला की ते पार करणं धरायचं नाही. मग खाणंपिणं कसं? काका दोरीला बांधलेली बाटली पाण्यात फेकतात, काकू उताण्या होऊन पितात, बाटली सोडतात, काका दोरी ओढून घेतात. बाटलीत साखर-मिठाचं पाणी, कधी पातळ केलेला मध, कधी नुसता फळांचा रस. इतक्या वर्षांत काकांचा नेम असा बसला आहे की बाटली नेमकी काकूंच्या हाताशी पडते.

पुढची हकिगत मला दोघांनी वेगवेगळी सांगितली. जिथे जुळलं नाही तिथे मी काकूंचं खरं धरलं आहे, कारण त्या कमी बोलतात.

साठी उलटल्यावर मुलीने हट्ट धरला म्हणून दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या झाल्या. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते, एका छापखान्यात हिशेब बघते, आणि आईबापांवर तिची नजर पोलिसासारखी असते. रिपोर्ट घेऊन तिघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तरुण बाई, बाहेर खुर्च्या भरलेल्या, त्यामुळे बोलणं भराभर.

"काका, तुमचं सगळं छान आहे. काकू, तुमची तीन महिन्यांची साखर काठावर आली आहे."

"काठावर म्हणजे?"

"म्हणजे अजून पाण्यात पडला नाहीत."

"मी तर रोज पडते," काकू म्हणाल्या.

मुलगी हसली, डॉक्टरही हसल्या. काकूंना मात्र स्वतःच्या विनोदाचं हसू आलं नाही. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा पाहिले. नावांची अदलाबदल झाली असावी असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. काका म्हणजे जन्मात कधी बस पकडायलासुद्धा न धावलेला माणूस. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. जेवल्यावर काहीतरी गोड, झोपण्याआधी काहीतरी गोड, आणि दिवसभर खुर्चीत. त्यांची साखर आरशासारखी स्वच्छ, आणि जिने आयुष्य पाण्यात हात मारत काढलं तिची काठावर.

"तुमच्या घरात कुणाला होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईला."

"मग ते आलंच. गोड बंद करा, भात-पाव-बटाटा कमी करा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

एवढंच बोलणं झालं. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पण 'कमी करा' हे शब्द काकूंच्या कानांपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांनी ऐकलं ते 'बंद करा'.

त्या दिवसापासून काकूंच्या ताटातून पाव गेला, भात गेला, बटाटा गेला, फळंही गेली. राहिल्या पालेभाज्या, अंडी, मासे आणि शेंगदाणे. बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आलं. दुकानात त्या चाक थांबवून मधेच बोट टोचायच्या, आकडा बघायच्या आणि कपाळाला आठ्या घालून परत काच उचलायच्या. जेवणानंतरचे आकडे उतरले. सकाळचा, उपाशीपोटीचा आकडा मात्र खमका. तो काही हलायला तयार नव्हता, आणि तो हलत नाही म्हणून काकू ताटातलं आणखी काहीतरी उचलून ठेवायच्या.

चेहरा ओढला. गळ्याची हाडं दिसायला लागली. सकाळी टँकवर पोहून आल्या की पूर्वी त्यांच्या तोंडावर तरतरी असायची, आता स्टुलावर बसून त्या भिंतीला डोकं टेकवायच्या. एकदा भिंतीपलीकडे कडकन आवाज आला. काच फुटली होती. काकूंच्या हातून काच फुटणं म्हणजे सुताराच्या हातून उंबरा वाकडा बसणं. काकांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगितलं, "चष्मा उद्या मिळेल, मशीन जरा कुरकुरतंय."

"मशीन कुरकुरत नाहीये," आतून आवाज आला.

"मला ठाऊक आहे कोण कुरकुरतंय," काका फोनवर हात ठेवून म्हणाले.

तळं पार करायचा दिवस जवळ आला तसा काकांचा जीव थाऱ्यावर राहिना. आदल्या संध्याकाळी बाटल्या भरताना त्यांनी विचारलं, "साखर किती घालू?"

"घालायची नाही. मीठ आणि लिंबू बस्स."

"अगं, सकाळपासून दुपारपर्यंतचं काम आहे. गाडीत पेट्रोल न घालता घाट चढायचा का?"

"माझ्या अंगावर चरबी आहे ना, ती जाळेन. नाहीतरी रक्तात साखर जास्तच आहे म्हणतात. तीच वापरू दे."

"मग एक गोड बाटली नुसती होडीत असू दे. मागशील तरच देईन."

"अहो, ती होडीत असली की मी मागेन. म्हणून ती नको."

गोड बाटली घरीच राहिली. स्वतःचा चहाचा थर्मास तेवढा त्यांनी नेहमीप्रमाणे बरोबर घेतला.

निम्मं तळं होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पाणी शांत होतं, वारा नव्हता. काकूंचा हात लांब पडत होता. काका सांगतात, त्यांना वाटायला लागलं की आपणच उगाच घाबरलो. मग हळूहळू हात आखूड पडायला लागला. आधी वल्ह्याच्या दोन फटक्यांत गाठावं लागायचं ते अंतर आता काका नुसती होडी वाहू देऊन गाठत होते. पुढे काकूंची दिशा चुकायला लागली. समोरचं लाल छपराचं घर धरून पोहायचं असं ठरलं होतं. काकू डावीकडे सरकत सरकत निघाल्या होत्या.

"उजवीकडे!" काका ओरडले.

काकू थांबल्या. पाय मारत पाण्यात उभ्या राहून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते.

"आपण निघालो का?" त्यांनी विचारलं.

काकांनी वल्ही थांबवली. आवाज नेहमीसारखा ठेवून त्यांनी विचारलं, "अगं, दुकानाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यास?"

काकूंनी बराच विचार केला. मग एका गिऱ्हाइकाचा चष्म्याचा नंबर सांगितला. डावा डोळा, उजवा डोळा, सगळा व्यवस्थित. आणि वळून परत पोहायला लागल्या, ज्या काठाकडून आल्या होत्या त्या काठाकडे.

काकांनी वल्ही आत घेतली, होडी शेजारी जाऊ दिली आणि बायकोच्या दंडाला धरलं. काकूंनी हिसडा दिला. "हात लावू नका! हात लावला तर संपलं!" त्या म्हणाल्या. शब्द जिभेत अडकत होते.

"संपलं तर संपलं," काका म्हणाले.

काकांचं पोट सुटलेलं, होडी छोटी, आणि काकू ओल्या. दोघंही पाण्यात जायची वेळ आली होती. शेवटी काकांनी होडीच्या तळाशी आडवं पडून त्यांना वर घेतलं. टॉवेल, स्वेटर, आपला कोट, जे हाताला लागलं ते त्यांच्यावर टाकलं. मग थर्मास उघडला. त्या चहात काकांच्या पद्धतीची साखर होती. काकूंनी तोंड फिरवलं. काकांनी झाकण त्यांच्या ओठांना लावून धरलं आणि लहान मुलाला औषध पाजावं तसा तो चहा घोट घोट आत गेला. काठ येईपर्यंत काकूंची नजर ठिकाणावर आली होती. ठिकाणावर आली आणि नवऱ्याच्या कोटाच्या बटणावर खिळून राहिली.

पुढचे काही दिवस माझ्या भिंतीपलीकडे जी शांतता होती ती मी कधी ऐकली नव्हती. चाक चालायचं, पण माणसं चालत नव्हती. काका फ्रेम आत सरकवायचे, काकू काच बसवून बाहेर सरकवायच्या, मधे एक शब्द नाही. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काकूंचा आवाज आला.

"तुम्ही मला हात लावलात."

"लावला."

"इतक्या वर्षांत कधी लावला नव्हता."

"कधी गरज पडली नव्हती. पडली तर पुन्हा लावीन. मला तळ्याशी संसार करायचा नाहीये."

चाक सुरू झालं आणि लगेच थांबलं. मग काकू म्हणाल्या, "चहा फार गोड होता हो," आणि दोघंही हसायला लागली. मी इकडे उगाच रबरांचे डबे लावत बसले होते.

हे सगळं ऐकून मुलगी जी चिडली ती विचारू नका. आधी आईवर, मग बापावर, शेवटी स्वतःवर, की टेस्ट करायला लावायची हौस मलाच. तिने डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ह्या वेळी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "मी चुकले. ह्या किती पोहतात ते विचारायला हवं होतं मी. मला खेळाडूंचं फारसं कळत नाही, पण ज्यांना कळतं त्या बाई मला माहीत आहेत." आणि त्यांनी एका आहारतज्ज्ञ बाईंचा पत्ता दिला.

ह्या बाई काकूंच्याच वयाच्या. एके काळी लांब पल्ल्याची सायकल चालवायच्या, गुडघ्याने दगा दिल्यापासून बंद. त्यांनी वजन घेतलं, रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा. ही सगळी भानगड सुरू व्हायच्या आधी तुमचा दिवस कसा असायचा?"

काकूंनी सांगितलं. सकाळी टँकवर जाण्याआधी गोड पाण्याची बाटली आणि केळं. पोहून आल्यावर मध लावलेला पाव, दोन-तीन. दुकानात चहा, चहाबरोबर बिस्किटं, दुपारी भात, मग पुन्हा चहा. "पोहतो म्हटल्यावर सगळं जळतं ना," त्या म्हणाल्या.

"किती पोहता?"

"पूर्वी टँक बंद व्हायची शिट्टी होईपर्यंत. आता खांदा बोलतो. तासभर, कधी त्याहून कमी."

"आणि बाटली?"

"बाटली तीच."

काकू बोलता बोलता थांबल्या. पोहणं वयाबरोबर आटत गेलं होतं आणि खाणं होतं तिथेच राहिलं होतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"म्हणजे मीच ओढवून घेतलं."

"छे. आईकडून आलेलं आहे, वय आहे, पाळी गेल्यावर अंगही बदलतं. तुम्ही पोहत नसता तर कदाचित फार आधीच आलं असतं. पण आता बघा, तुमचं दुकान आहे ना? दुकान उघडं असताना माल आला तर काय करता?"

"आत घेतो."

"आणि बंद असताना आला तर?"

"फुटपाथवर पडून राहतो."

"तुम्ही जोर लावून पोहत असता तेव्हा अंग उघडं असतं. रक्तातली साखर स्नायू परस्पर उचलतात. त्या वेळी बाटली गोड हवीच, आणि पहिल्यापासून थोडी थोडी हवी, दमल्यावर नव्हे. तीच बाटली स्टुलावर बसून प्यायलात तर माल फुटपाथवर."

"म्हणजे पाण्यात गोड चालेल आणि दुकानात नाही?"

"लांब पोहताना. रोजच्या तासाभराला साधं पाणी पुरे."

"सगळं जग उलटं सांगतं."

"जग तळं पोहत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काकूंचा दंड चिमटीत धरून पाहिला. "इथलं मांस गेलंय. भात-पाव तोडलात, त्यापायी हेही गेलं. साखर ठेवायची कोठारंच कमी झाली तर ती ठेवणार कुठे? थोडा भात, थोडा पाव परत आणा, पोहून आल्यानंतरच्या जेवणात. बरोबर अंडी, डाळ, मासे पोटभर. आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला."

"ह्या वयात?"

"ह्या वयातच. आणि सकाळच्या आकड्याकडे रोज बघू नका. तुमच्या डॉक्टरांना बघू दे. पुढेमागे गोळी लागली तर घ्यायची, रुसायचं नाही."

काकू घरी आल्या त्या पटलेल्या चेहऱ्याने. डोक्याला पटलं होतं. घशाला पटलं नव्हतं, हे नंतर कळलं.

जिममधलं प्रकरण काकांनी मला रंगवून सांगितलं. तिथली पोरं आरशात स्वतःचे दंड बघत होती. काकू गेल्या आणि त्यांनी विचारलं, "इथे वजन उचलायचं की चेहरे करायचे?" पहिल्या दिवशी त्यांना रिकामी दांडी दिली. दुसऱ्या महिन्यात तिला दोन्हीकडे चकत्या लागल्या. काकाही बरोबर जायला लागले, बायकोला सोबत म्हणून. तिथल्या मास्तरांनी त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. ते तिसऱ्यांदा उठले नाहीत. "रिपोर्ट चांगला आहे हो माझा," ते बसल्या जागेवरून म्हणाले. त्यानंतर काकूंचा त्यांच्यावरचा राग पुष्कळ कमी झाला.

अडलं ते पुढे. उन्हाळा आल्यावर दोघं सरावाला तळ्यावर गेली, काठाकाठानेच. काकांनी पहिली बाटली फेकली. साखर बेताची, बाईंनी सांगितलेली. काकूंनी एक घोट घेतला आणि थुंकला. दुसरा घेतला, तोही थुंकला. त्यांनी बाटली सोडून दिली आणि काठावर येऊन बसल्या. काका होडी ओढून शेजारी येऊन बसले.

"चव बिघडली का?"

"नाही. चव चांगली आहे. म्हणूनच भीती वाटते."

मग काकूंनी आईबद्दल सांगितलं. काकांना सासूबाईंचं दुखणं माहीत होतं, त्यांनी दवाखान्याच्या खेपा घातल्या होत्या. पण हे त्यांना माहीत नव्हतं. आई कपडे शिवायची. साखरेने नजर जायला लागली तेव्हा ती लेकीच्या दुकानात यायची आणि म्हणायची, सुईत दोरा जात नाही, जरा जाड काच लाव. लेकीने लावली. काही दिवसांनी परत आली, आणखी जाड लाव. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता चष्म्याचं काम राहिलं नाही, बिघाड डोळ्याच्या मागच्या पडद्यातच आहे. काकूंना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी काच घासली. आणखी जाड, आणखी जड. आई तो चष्मा लावायची, समोर भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, "हं, आता बरं दिसतंय." कशालाही न बघता म्हणायची. लेकीने श्रम घेतले म्हणून म्हणायची.

"तिला दिसत नव्हतं हो. आणि मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. शेवटचा चष्मा तर तिला नाकावर पेलवत नव्हता. मी तरी घासत बसले."

काका म्हणाले, "तू चष्मा दिलास म्हणून ती दर आठवड्याला दुकानात यायची. नाहीतर घरातच अंधारात बसली असती."

काकूंनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. पण थोड्या वेळाने त्या उठून पुन्हा पाण्यात शिरल्या आणि बाटली मागितली. पहिला घोट बराच वेळ तोंडात ठेवून गिळला. दुसरा लगेच गिळला.

त्यांची बाटलीशी दोस्ती एका दिवसात झाली नाही. काही दिवस त्या निम्मी प्यायच्या आणि काका उरलेली निम्मी परत ओढून घ्यायचे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकदा त्यांनी लांब पोहून आल्या आल्या बोट टोचून पाहिलं. आकडा चक्क शहाण्यासारखा होता. त्यांनी तो काकांना दाखवला, मग मुलीला फोन करून सांगितला, मग फळीवर टकटक करून मलाही सांगितला. दुकानातली बिस्किटं मात्र गेली ती गेलीच. डबा आता माझ्याकडे असतो आणि काका दिवसातून दोनदा काहीतरी निमित्त काढून वह्या बघायला येतात.

त्या वर्षी काकूंनी तळं पार केलं. आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा हळू. मधे वारा सुटला, लाटा तोंडावर यायला लागल्या, खांदा बोलायला लागला. पण प्रत्येक वेळी बाटली आली तेव्हा त्यांनी ती संपवली, आणि किल्ल्या कुठे आहेत असं काकांनी मधूनमधून विचारलं की त्या खणखणीत आवाजात सांगायच्या, "तुमच्या डाव्या खिशात, आणि पुन्हा विचाराल तर तुम्हालाच पाण्यात ओढेन." पलीकडच्या काठावर मुलगी टॉवेल घेऊन उभी होती. काकू बाहेर आल्या, वाळूवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

साखर पूर्ण उतरली का? नाही. थोडी उतरली, काठावरच राहिली. दोन वर्षांनी पुन्हा थोडी वर सरकली, तेव्हा डॉक्टरांनी छोटी गोळी सुरू केली. काकूंनी रुसायचं नाही असं कबूल केलं होतं, तरी आठवडाभर रुसल्या. मग गोळीची डबी काचा धरायच्या चिमट्यांच्या शेजारी ठेवली गेली आणि विषय संपला. डोळ्यांची तपासणी त्या दरवर्षी न चुकता करून घेतात. टँकवरच्या बायका त्यांना विचारतात, काकू, आम्ही काय खाऊ? काकू म्हणतात, मला काय विचारता, तुमचं रक्त तुमच्या डॉक्टरांना दाखवा; मी माझ्यापुरतं शिकता शिकता बुडत होते.

ह्या वर्षी नवीनच अडचण आली. काकांच्या मनगटाला वल्ही पेलेनात. काकू आधी म्हणाल्या की मग पोहणंच नको, दुसऱ्याच्या हातची बाटली मला जाणार नाही. मुलगी म्हणाली, मी दुसरी आहे का? तिला होडी शिकवायला काका बसले. पहिल्या दिवशी होडी गोल गोल फिरली. आठवडाभराने सरळ जायला लागली. बाटली फेकणं मात्र जमेना. सारखी आईच्या पाठीमागे पडायची, आणि काकूंना उलट वळून ती गाठावी लागायची.

गेल्या रविवारी मीही काठावर होते. मुलीने दोरी सोडवली, नेम धरला आणि बाटली पुन्हा मागेच टाकली. काकू पाण्यात थांबल्या, पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवून ओरडल्या, "अगं, मी आहे तिथे काय टाकतेस! पुढे टाक, मी येते तिथवर!"

पुढची बाटली पुढे पडली. जरा जास्तच पुढे. काकू शिव्या देत तिच्याकडे पोहत गेल्या.